त्वचेचे प्रश्न : लेप कोणता, कोणाला आणि किती वेळ

थंडी पडली आणि लग्नसराई जवळ आली की माझ्या टपालातील निम्मी पत्रे चेहऱ्याच्या लेपांविषयी असतात. यंदा ती इतकी आली, की हा सबंध भाग त्यांनाच द्यावा लागत आहे. बाजारात ज्याला फेस पॅक किंवा फेस मास्क म्हणतात त्या सगळ्यांना मी येथे लेप म्हटले आहे, मग तो घरी वाटीत कालवलेला असो, ट्यूबमधला असो की पाकिटातून निघणारा ओला शीट मास्क असो. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत. ज्यांनी फोटो पाठवले त्यांची क्षमा मागते. प्रत्येक फोनमध्ये चेहऱ्याचा रंग वेगळा उतरतो, त्यामुळे फोटोवरून मी निदान करीत नाही.

प्रश्न : मी वीस वर्षांची असून गंगापूर रोडवरील महाविद्यालयात शिकते. पार्लरमध्ये माझी त्वचा तेलकट असल्याचे सांगण्यात आले, मोबाइलवरील प्रश्नावलीने ती मिश्र ठरवली, आणि आई म्हणते की ती कोरडी आहे, कारण हिवाळ्यात माझ्या गालांवर पांढुरकी खपली धरते. मी आठवड्यातून तीनदा मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून लावते आणि पूर्ण वाळल्यावर धुते. त्यानंतर चेहरा ताणल्यासारखा होतो आणि संध्याकाळपर्यंत नाक व कपाळ पुन्हा चकाकू लागते. माझी त्वचा नेमकी कोणती, आणि मी कोणता लेप लावावा?

उत्तर : तिघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते, कारण त्वचेचा प्रकार ही रक्तगटासारखी जन्मभर टिकणारी गोष्ट नव्हे. कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्यात तैलग्रंथी दाटीने असतात आणि गालांवर त्या तुलनेने विरळ असतात. त्यामुळे तुमच्या वयात नाक चकाकणे आणि त्याच वेळी गाल ओढल्यासारखे वाटणे यात काहीही विसंगत नाही. पार्लरमध्ये दुपारी, उन्हातून गाडीवर आल्यानंतर पाहिलेला चेहरा आणि आईने डिसेंबरातल्या सकाळी पाहिलेला चेहरा सारखाच दिसावा, अशी अपेक्षाच ठेवू नये.

प्रश्नावल्यांपेक्षा एक साधी तपासणी अधिक भरवशाची आहे. सुटीच्या दिवशी सकाळी सौम्य फेसवॉश आणि कोमट पाणी घेऊन चेहरा धुवावा, मऊ कापडाने टिपून घ्यावा आणि त्यानंतर तासभर त्यावर काहीही लावू नये, अगदी गुलाबपाणीसुद्धा नाही. तासाने टिश्यू कागदाचे चार तुकडे घेऊन कपाळ, नाक, हनुवटी आणि गाल यांवर एकेक दाबावा व खिडकीच्या उजेडात धरून पाहावा. चारही तुकड्यांवर पारदर्शक डाग उमटले तर त्वचा तेलकट, पहिल्या तीनवर उमटले आणि गालाचा कागद कोरडा राहिला तर मिश्र, कुठेच उमटले नाहीत व हसताना गाल ताणले जात असतील तर कोरडी. डाग नाही आणि ताणही नाही, तर तुमची त्वचा सामान्य आहे आणि तिला लेपाची फारशी गरजच नाही. केवळ पाण्यानेही चुरचुर किंवा लाली येत असेल, तर ती आधी संवेदनशील आणि मग बाकी काही, असे समजावे. हीच तपासणी वैशाखात पुन्हा करा. उत्तर बदललेले दिसण्याचा संभव बराच आहे.

आता मुलतानी मातीविषयी. ही माती अतिशय बारीक कणांची असते आणि तेल व पाणी दोन्ही शोषून घेते. तेल तेवढे घे आणि पाणी राहू दे, असे तिला सांगता येत नाही. एकदा लेप लावून आरशासमोर बसून पाहा. पहिली काही मिनिटे तो गार, ओला आणि गडद रंगाचा असतो. मग कडांपासून, म्हणजे कानाजवळ आणि जबड्याच्या रेषेवर, तो फिकट होऊ लागतो, पण बोट लावले तर अजून दमट लागतो. लेप धुण्याची वेळ हीच. याच्या पुढे गेलात की नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तडे जातात, बोलताना माती पडू लागते, आणि मग ती तेल नव्हे, त्वचेच्या वरच्या थरातील ओलावा ओढत असते. तडे गेले म्हणजे लेप लागू पडला, अशी समजूत घरोघरी आहे. ती सोडून द्यावी. पंख्याखाली बसून लेप लवकर वाळवण्याची युक्तीही त्याच जातीची.

संध्याकाळी पुन्हा तेल दिसते म्हणून मातीनेच तेल वाढवले, असे मात्र नाही. तैलग्रंथी किती तेल तयार करणार हे प्रामुख्याने शरीरातील संप्रेरके ठरवतात; पृष्ठभागावरचे तेल पुसले तरी ग्रंथी आपल्या गतीने काम करीत राहते आणि काही तासांत पूर्वीची पातळी येते. म्हणजेच कोणताही लेप तेल शोषतो, तेलाचे उत्पादन कमी करीत नाही. हे एकदा लक्षात आले की आठवड्यातून तीनदा लावण्याचा अट्टहास आपोआप सुटतो.

तुम्ही लेप एकाच चेहऱ्यावर दोन प्रकारे लावावा. कपाळ, नाक आणि हनुवटीवर मुलतानी माती, आठवड्यातून एकदा, आठ-दहा मिनिटे आणि दमट असतानाच धुऊन टाकायची. गालांवर त्याच वेळी एक चमचा मधाचा पातळ थर द्यावा. मध पाणी धरून ठेवतो. माती फारच रखरखीत वाटत असेल तर केओलिन ही पांढरी माती घ्यावी. ती कमी शोषते आणि म्हणून अधिक सौम्य आहे. धुतल्यावर लगेच, चेहरा किंचित ओला असताना, साधे मॉइश्चरायझर लावायचे. आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. खपली गालांवर नसून नाकाच्या बाजूला, भुवयांत आणि कानामागे असेल, पिवळसर व चिकट असेल आणि डोक्यात कोंडाही असेल, तर तो कोरडेपणा नव्हे, चेहऱ्यावर उतरलेला कोंडाच आहे. त्यावर साय किंवा तेल चोळल्यास तो बळावतो. त्याचा उपचार औषधाने होतो, लेपाने नाही.

प्रश्न : माझे वय बावन्न आहे आणि मी निफाड तालुक्यात राहते. थंडीत आमच्याकडे पारा एक आकडी होतो, हे आपणांस ठाऊक आहेच. माझे गाल सोलवटल्यासारखे होतात. रोज साय आणि बेसन लावते. मुलीने पुण्याहून शीट मास्क पाठवले. एकदा रात्री तो लावून तशीच झोपले, तर सकाळी चेहरा आणखीच कोरडा झालेला होता. असे का व्हावे?

उत्तर : निफाडचे तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते, आणि ते वाचून आम्ही शहरातले लोक शाल ओढून घेतो, तुम्हाला ते अंगावर घ्यावे लागते. थंड हवेत बाष्प कमी मावते, त्यामुळे त्वचेतील पाणी अधिक वेगाने उडून जाते. ते अडवण्यासाठी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात, पेशी आणि पेशी यांच्यामध्ये, स्निग्ध द्रव्यांचे लिंपण असते. रजोनिवृत्तीच्या सुमारास त्वचेचा स्निग्धपणा एकूणच कमी होत जातो, आणि त्यातच बंबातले कढत पाणी व साबण यांनी उरलेले लिंपण धुऊन निघाले की गाल सोलवटतात.

तुमच्या लेपात साय योग्य आहे, बेसन नाही. बेसन स्निग्धता ओढून घेते, म्हणून तर तेलकट हात आणि भांडी त्याने स्वच्छ होतात. सायीने दिलेले ते बेसनाने काढून घेणे, असा हा रोजचा व्यवहार चालला आहे. पुढील दोन-तीन महिने बेसन, मसुरीचे पीठ, तांदळाची पिठी आणि सर्व प्रकारच्या माती यांना सुटी द्यावी. ताजी साय आणि मध समप्रमाणात घेऊन आठवड्यातून दोनदा, दहा-बारा मिनिटे लावावे आणि नुसत्या कोमट पाण्याने धुवावे.

शीट मास्कचा दोष नाही, वेळेचा आहे. तो ओला असतो तोपर्यंत त्वचेला पाणी देतो. पंधरा-वीस मिनिटांनंतर तो सुकू लागतो आणि सुकलेला कागद स्वतःच पाणी शोधू लागतो. पहाटेपर्यंत चेहऱ्यावर राहिलेल्या मास्कने तेच केले. शिवाय त्यातील ग्लिसरिन किंवा हायल्युरॉनिक ॲसिड यांसारखी द्रव्ये पाणी धरून ठेवणारी असली, तरी कोरड्या हवेत त्यांच्यावर झाकण लागते. म्हणून मास्क ओला असतानाच काढावा आणि चेहऱ्यावर लगेच घट्टसर क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्यावा. पेट्रोलियम जेली स्वस्त आहे म्हणून तिला कमी लेखू नये. पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे फार थोडे पदार्थ आहेत. हेच नुसत्या ग्लिसरिनविषयीही सांगते, ते बाटलीतून थेट न लावता पाणी किंवा गुलाबपाणी घालून पातळ करावे, नाहीतर आग होते.

आंघोळीचे पाणी कोमट ठेवा, हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, निफाडमध्ये तर नाहीच. निदान चेहऱ्यापुरते तरी ठेवा. आणि कोरडेपणासोबत थकवा, वजन वाढणे, केस गळणे असेही काही जाणवत असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रश्न : नाकावरील काळे ठिपके काढण्यासाठी कोळशाचा पील-ऑफ मास्क चांगला का? (इंदिरानगर)

उत्तर : नाकावर समान अंतराने दिसणारे राखाडी ठिपके बहुतेक वेळा ब्लॅकहेड्स नसतातच, ती रंध्रातील तेलाची नैसर्गिक वात असते आणि ओढून काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा भरते. पील-ऑफ मास्क सुकून प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो आणि ओढताना बारीक लव व वरच्या थरातील निरोगी पेशीही सोबत नेतो. दुखते म्हणून उपयोग होत असावा, असे वाटते एवढेच. कोळशाचे काम त्यात मुख्यतः काळे दिसण्याचे आहे. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते, त्यामुळे ते रंध्रात शिरू शकते. 2 टक्क्यांपर्यंत प्रमाण असलेला फेसवॉश आठवड्यातून दोन-तीनदा पुरेसा आहे. संवेदनशील त्वचा असेल तर तोही जपून वापरावा.

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा मुरुमांमुळे हैराण आहे. मित्रांचे ऐकून तो लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा यांचा फेस येणारा लेप लावतो, आणि रात्री मुरुमांवर टूथपेस्ट. मी ओरडले तर ऐकत नाही. आपण लिहिलेत तर कदाचित वाचेल. (सिडको)

उत्तर : मग हे त्याच्यासाठीच लिहिते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) साधारण 5च्या आसपास. लिंबाच्या रसाचा सामू 2च्या जवळ आणि सोड्याच्या पाण्याचा 8च्या वर, म्हणजे तू चेहऱ्याला एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला खेचतो आहेस. दोन्ही कालवल्यावर दिसणारा फेस हा कार्बन डायऑक्साइड वायू आहे, मळ नव्हे. टूथपेस्ट दातांच्या कठीण आवरणासाठी बनवलेली असते. ती मुरूम सुकवते असे वाटते, प्रत्यक्षात त्याच्या भोवतीची कातडी भाजते.

लिंबाची दुसरी खोड अधिक वाईट आहे. त्यातील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन पडले, तर एक-दोन दिवसांत तेथे भाजल्यासारखी लाली येते आणि मग तपकिरी डाग उरतात. मी विशीत असताना उजळण्याच्या हौसेने लिंबू चोळून, नीट न धुता, सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढले होते. रस जसा ओघळला होता तसेच तीन तपकिरी ओघळ उजव्या गालावर दोन महिने होते, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा काय सांडले म्हणून विचारत असे.

या वयातील मुरुमांना लेपाची गरज नाही. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुणे, कपाळापर्यंत ओघळेल इतके तेल डोक्याला न लावणे, आणि मुरूम न फोडणे एवढे करावे. मोठ्या, दुखणाऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर आईने वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे. मुरूम बरे होतात, खड्डे सहजासहजी भरत नाहीत.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्ष बागायतदार आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की माझा चेहरा व मान लाल होऊन आग होते, पापण्या सुजतात. पत्नी चंदनाचा थंड लेप लावण्याचा आग्रह करते. तेलकट त्वचेसाठी चंदन चालते का?

उत्तर : या पत्रात त्वचा तेलकट की कोरडी हा प्रश्न गौण आहे. लाल झालेल्या, सुजलेल्या त्वचेवर कोणताच लेप लावू नये, चंदनाचाही नाही. चंदन शीतल असते हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत, परंतु काही लोकांना खुद्द चंदनाचीच ॲलर्जी असते, आणि सूज असलेली त्वचा अशा पदार्थाला अधिक सहजपणे आत घेते.

कारण शोधताना दोन संशयित डोळ्यांसमोर ठेवावेत. पहिला फवारणीचा. द्राक्षावरील भुरी या बुरशीजन्य रोगासाठी वापरले जाणारे गंधक आणि डावणी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगासाठीचे बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) ही दोन्ही त्वचेला व डोळ्यांना चुरचुरणारी द्रव्ये आहेत. गंमत अशी, की हेच गंधक अल्प प्रमाणात मुरुमांवरील लेपांतही घालतात. पण बागेत उडणारे गंधक मोजून लावलेले नसते. दुसरा संशयित बांधावर उभा असतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे गाजरगवत. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले हे तण आता राज्यभर पसरले आहे, आणि त्याचे वाळलेले सूक्ष्म कण हवेतून येऊन त्वचेवर बसतात. ज्यांच्या शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले, त्यांना पुढे नुसत्या वाऱ्यानेही त्रास होतो.

उन्हाचा त्रास आणि हवेतून येणारा त्रास यांत फरक कसा ओळखावा, हे आरशात पाहता येते. उन्हाने होणारी लाली कपाळ, नाक, गालांचे उंचवटे येथे असते आणि पापण्या, हनुवटीखालची सावलीची जागा व कानामागचा भाग तिच्यातून सुटतात. हवेतील कण मात्र नेमके तेथेच साचतात. तुमच्या पापण्या सुजतात, म्हणजे पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. मान लाल होते असे तुम्ही लिहिले आहे. ती हनुवटीच्या अगदी खालीसुद्धा लाल होते का, तेवढे पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. नेमका पदार्थ ओळखण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून 48 तासांनी त्वचेवरील परिणाम पाहतात, ती पॅच टेस्ट करून घ्यावी. जाताना या हंगामात वापरलेल्या औषधांच्या बाटल्यांवरील नावे लिहून न्यावीत.

तोवर फवारणीच्या वेळी चष्मा, मुखपट्टी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरा. घरी आल्यावर पहिले काम चेहरा व मान भरपूर साध्या पाण्याने धुण्याचे, चहा त्यानंतर. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. घाम पुसायचा रुमाल खांद्यावरच राहतो आणि त्यावर फवाऱ्याचे थेंब बसतात. तोच रुमाल दिवसभर तोंडावर फिरवला जातो, ही गोष्ट माझ्याकडे आलेल्या एका बागायतदाराच्या मुलाने लक्षात आणून दिली होती. जाता जाता, आपल्याच बागेतील द्राक्षे चिरडून चेहऱ्याला लावण्याविषयी याच भागातून दोन पत्रे आली आहेत. द्राक्षात टार्टारिक आम्ल असते, त्यामुळे किंचित चुरचुर होते आणि तीच तजेला म्हणून मोजली जाते. न धुतलेली द्राक्षे तर मुळीच वापरू नयेत. खाल्लेली बरी.

प्रश्न : माझे लग्न माघात आहे. गेले सात-आठ महिने मैत्रिणीने सुचवलेले एक गोरे करणारे क्रीम मेडिकलमधून आणून लावते आहे. सुरुवातीला चेहरा काचेसारखा झाला. आता क्रीम दोन दिवस थांबवले की लाल पुरळ येते, उन्हात आग होते आणि हनुवटीवर लव वाढली आहे. त्वचा फार संवेदनशील झाल्यासारखी वाटते. हळदीपूर्वी चेहरा शांत करण्यासाठी कोणता लेप लावू? ट्यूबवरील नावे सोबत लिहिली आहेत. (नाशिकरोड)

उत्तर : ट्यूबवर मोमेटासोन असे लिहिलेले आहे. ते स्टेरॉइड आहे. एक्झिमासारख्या आजारात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उत्तम औषध ठरते. पण महिनोन्महिने चेहऱ्यावर लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते आणि क्रीम थांबवताच सर्व काही उसळून येते. तुमची त्वचा जन्मतः संवेदनशील नाही, ती तशी केली गेली आहे. अशा चेहऱ्यांची संख्या देशभर इतकी वाढली, की 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती काउंटरवरून पुढे सरकवली जातात, आणि घेणाऱ्या मुलीला आपण औषध घेत आहोत हे ठाऊकही नसते. या गोष्टीचा मला दरवेळी राग येतो.

आपणहून काहीही करू नका. ट्यूब पिशवीत घालून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ती एकदम बंद करायची की हळूहळू उतरवायची, उसळी आल्यास काय द्यायचे, हे तेच ठरवतील. तोपर्यंत मुलतानी माती, हळद, संत्र्याच्या सालीची भुकटी, स्क्रब, ब्लीच, फेशियल हे सर्व बंद. सौम्य फेसवॉश, सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी सांगितलेले सनस्क्रीन एवढ्यावर राहा. आग होत असताना चेहऱ्याला काही हवेच असेल, तर स्वच्छ सुती कापड थंड पाण्यात भिजवून, पिळून, पाच-दहा मिनिटे ठेवावे. आजच्या घडीला तुमच्यासाठी योग्य लेप तोच.

हळदीचे विचारले आहेत म्हणून सांगते. समारंभात हळद कपाळाला आणि हातापायांना लावावी, गाल वगळावेत, आणि हे करवल्यांना आधीच सांगून ठेवावे, कारण त्या गालांपासूनच सुरुवात करतात. हळकुंडे घरी दळलेली असतील तर उत्तम. सुट्या पिवळ्याजर्द पुडीत रंगाची भेसळ असू शकते. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवली, तर शुद्ध हळद बहुतांशी तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते, भेसळीची पाणी गडद करते.

ज्यांची त्वचा निरोगी आहे अशा नवऱ्यामुलींनी, आणि नवऱ्यामुलांनीही, लग्नाआधीच्या पंधरवड्यात कोणताही नवा लेप पहिल्यांदा लावू नये. लावायचाच तर त्याआधी कोपराच्या आतील बाजूस वाटाण्याएवढा लावून, लेपाइतकाच वेळ ठेवून धुवावा आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली, तर ती कोपरावर आली याबद्दल समाधान मानून डबा बाजूला ठेवावा.

प्रश्न : कालवलेला लेप उरला तर फ्रीजमध्ये किती दिवस ठेवता येतो? आणि दिवाळीचे उटणे उरले आहे, तेच लेप म्हणून वापरले तर चालेल का? (पंचवटी)

उत्तर : घरी कालवलेल्या लेपात जंतू रोखणारे द्रव्य नसते, आणि दूध, दही, साय किंवा फळाचा गर असला की फ्रीजमध्येही तो खराब होत जातो. उरलेला टाकून द्यावा. मुळात दीड-दोन चमचेच कालवावा. कोरडी पूड मात्र घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओला चमचा न घालता, काही महिने राहते. उटणे अंगासाठी कुटलेले असते आणि तेल लावलेल्या अंगावर चोळायचे असते. त्यातील नागरमोथा, वाळा, कचोरा यांचे कण चेहऱ्याच्या मानाने भरड असतात. वापरायचेच असेल तर मलमलच्या कापडातून दोनदा चाळून घ्यावे, दुधात सैलसर भिजवावे आणि न चोळता नुसते लावून धुवावे. चाळून वर राहिलेला चोथा पायांच्या टाचांना चांगला.